पडला की शिट्टी

हृतिक पडला तेव्हा त्याच्या आजूबाजूला तीन मीटरपर्यंत कोणी नव्हतं.

चेंडू पुढे शैलेशच्या पायाशी होता आणि शैलेशसमोर फक्त गोलकीपर उरला होता. मी चेंडूच्या मागे धावत होते. माझ्या उजवीकडे, दहाएक पावलांवर, एक निळी जर्सी खाली गेली आणि मी शिट्टी वाजवली. शैलेशने तरीही चेंडू मारला. तो जाळ्यात गेला आणि नवीन पनवेलची, म्हणजे इथल्या भाषेत सेक्टरची, पोरं ओरडत एकमेकांच्या अंगावर पडली. मग त्यांना कळलं की शिट्टी आधीची होती.

विचार माझ्या डोक्यात शिट्टीनंतर आला. तो इतकाच होता: याने हात पुढे केले.

मी पनवेलच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तोल जातोय हे मेंदूला कळलं की हात आपोआप पुढे येतात. हृदय थांबून मेंदूचं रक्तच बंद झालं तर ते येत नाहीत, माणूस तोंडावर पडतो. हृतिकचे आधी तळवे टेकले, मग कोपरं वाकली, मग छाती, आणि शेवटी त्याने गाल मातीवर ठेवला. जपून ठेवला.

तरी मी धावले. दिसणं आणि खात्री असणं यांत फरक असतो, आणि हृतिकच्या बाबतीत तो फरक मी अंगावर घेणार नव्हते. तो भावेशचा धाकटा भाऊ आहे. भावाभावांत हृदयाचे असले दोष सारखे असू शकतात, म्हणून त्याची तपासणी करून घ्या असं सांगत मी त्याच्या घरच्यांच्या दोन वर्षं मागे लागले होते. ईसीजी नॉर्मल आला. पण तो त्या एका दिवसाचा कागद.

*

भावेश सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर गेला.

मैदान म्हणजे एरवी भातशेती. कापणी झाली की धसकटं काढून, रोलर फिरवून, चुना मारून खारी गावचं मंडळ जानेवारीत फुटबॉलची स्पर्धा भरवतं. भावेश खारीचा सगळ्यात चांगला खेळाडू होता आणि पडायचाही सगळ्यात चांगलं. कोणी नुसतं जवळून गेलं तरी पोटरी धरून लोळायचा, फ्री किक मिळाली की उठून पब्लिकला नमस्कार करायचा. लोकांना ते फार आवडायचं. मी विद्यापीठाकडून खेळले आहे, जिल्ह्याची पंचाची परीक्षा दिली आहे. मला ते आवडायचं नाही. मी त्याला दोनदा पिवळं कार्ड दाखवलं होतं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला होता, "मॅडम, टाल्या तर ऐका जरा."

त्या दिवशी तो मध्यरेषेजवळ पडला. मी म्हणाले, "ऊठ भावेश, नाटक पुरे," आणि खेळ चालू ठेवायची खूण केली. मग मी घड्याळाकडे पाहिलं, कारण त्याने वाया घालवलेला वेळ मला शेवटी वाढवून द्यायचा होता. खारीचा गोलकीपर हात वर करून किंचाळला तेव्हा मी वळले.

कोणीतरी फोनवर सामना घेतला होता. नंतर मी तो पाहिला आणि भावेश पडल्यापासून मी वळेपर्यंतचा वेळ मोजला. एक मिनिट पन्नास सेकंद. हृदय असं थांबलं की दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. हे मी बारावीच्या वर्गाला वर्षानुवर्षं सांगत आले होते.

त्याचे वडील, तुळशीरामदादा, मला एका शब्दाने बोलले नाहीत. वर्षाने ते कॉलेजात आले आणि स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले.

"मॅडम, भावेशच्या नावाने चषक चालू करतोय. पंच तुमीच. आन् नियम पन तुमीच लिवा."

मी एक पान लिहिलं. पहिल्या ओळीत तो आकडा आहे, एक मिनिट पन्नास सेकंद. खाली तीन नियम. कोणीही पडला की लगेच शिट्टी, खरं की खोटं हे पंचाने ठरवायचं नाही. ज्याच्याकडे चेंडू असेल त्याने तो बाहेर मारायचा. आणि पडलेल्याला कार्ड नाही, कधीच नाही. छातीत कळ आलेल्या मुलाने कार्डाच्या भीतीने उभं राहू नये, म्हणून हा तिसरा.

"पोरं गैरफायदा घेतील, मॅडम," काशिराम म्हणाला होता. स्पर्धेची कॉमेंट्री तो करतो.

"भावेशच्या नावाच्या स्पर्धेत?" तुळशीरामदादा म्हणाले. "कोन घेल?"

आणि खरंच, या वर्षापर्यंत कोणी घेतला नव्हता. सामन्याआधी दोन्ही कप्तान भावेश पडला त्या जागी चुन्याची चिमूट टाकतात, तिथे नारळ फुटतो. खेळ सुरू झाला की पहिल्या दोन-चार मिनिटांत ती खूण पुसली जाते. गावातल्या बायकांना मी दर जानेवारीत शिकवते, मानेवर नाडी कशी बघायची, छाती कशी दाबायची. हृदयाला विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणायचं यंत्र भावेशच्या फोटोशेजारी टेबलावर ठेवलेलं असतं. ते घेऊन धावायचं काम मालूताईंचं. त्या भावेशच्या आई. ते काम त्यांनी मागून घेतलं.

हृतिकच्याही आई त्याच.

*

मी हृतिकपाशी पोचले तेव्हा मालूताईही पोचल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, एका पायात चप्पल नाही. गुडघ्यांवर बसून त्यांनी पेटी उघडली आणि यंत्र इंग्रजीत सूचना द्यायला लागलं. त्या एका हाताने जर्सी वर ओढत होत्या, दुसऱ्याने छातीवर लावायच्या पॅडची फिल्म सोलत होत्या. क्रम चुकला नव्हता. मी दोन बोटं हृतिकच्या मानेवर ठेवली. नाडी जोरदार होती, नियमित, धावलेल्या माणसाची असते तशी.

त्याने माझ्या बाजूचा एक डोळा उघडला.

"बॉल गेला?" त्याने हळूच विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. "कुठे दुखतंय?" मी म्हणाले.

"गोल नाय ना दिलात?"

मग तो उठून बसला. "आई, अगं सोड. मना काय नाय झालाय. गुदगुल्या होतान."

मालूताईंच्या हातात अर्धं सोललेलं पॅड होतं. त्यांनी हृतिककडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पॅडकडे. ते एकदा सोललं की वाया जातं, मीच त्यांना शिकवलं होतं. तरी त्या फिल्म परत बसवायला लागल्या, कडेला कडा जुळवून, अंगठ्याने दाबत. यंत्र अजून बोलत होतं. मी बटण दाबून ते बंद केलं.

लाउडस्पीकरवर काशिराम ओरडला, "उठला! उठला रं आपला हृतिक! पब्लिक, टाल्या झाल्या पायजेत!"

टाळ्या झाल्या. खारीच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारली. "काय डोकं लावलाय भावाने!"

शैलेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी तो आमच्या कॉलेजात होता, तिसऱ्या बाकावर बसायचा. धाप लागलेली होती, तरी आवाज चढला नव्हता.

"मॅडम, मी एकटा होतो पुढे. गोल होता तो."

"शिट्टी आधी वाजली."

"पण नाटक होतं ना ते? तुम्ही बघितलंत ना?"

"हो."

"मग कार्ड?"

माझा हात खिशावर होता. "देता येत नाही," मी म्हणाले.

हृतिक गुडघ्यांवरची माती झटकत होता. "नियम मॅडमचाच हाय, शैलेश. टेबलावर चिकटवलाय बघ. वाचून ये जा." मग तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून, अगदी आदराने म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. फायनल हाय. भाऊ असता तर त्याने पन ह्योच केला असता."

तो हसून पळाला. मालूताई पेटी उचलून टेबलाकडे निघाल्या होत्या. मधेच थांबून त्यांनी हरवलेली चप्पल पायाने शोधली, पायात घातली आणि पुन्हा चालू लागल्या. मी बघत राहिले. शिट्टी तोंडात धरायची हे मला सुचत नव्हतं. गैरफायदा कोणी घेतलाच तर तो बाहेरचा असेल, असं मी पाच वर्षं धरून चालले होते. तपासून न पाहता धरून चालले होते. घरातल्या माणसाला नियम सगळ्यात नीट माहीत असतो, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"मॅडम, टाइम चाललाय!" कोणीतरी ओरडलं.

बाकीचं नियमाप्रमाणे झालं. गोल एक-एक होते. चेंडू होता तिथेच टाकून मी तो सेक्टरला परत दिला, पण तोवर खारीचे सात जण येऊन गोलसमोर उभे होते. शैलेशने एकाला चकवलं, दुसऱ्याने चेंडू काढून घेतला. चार मिनिटांनी खारीचा दुसरा गोल झाला. पास हृतिकचा होता. बेंजोवाल्यांनी लगेच वाजवायला घेतलं आणि बाया-पोरं बांधावर नाचायला लागली.

शेवटची तीन मिनिटं उरली होती तेव्हा शैलेश पडला.

चेंडू हृतिककडे होता, तो सेक्टरच्या गोलकडे निघाला होता आणि शैलेश त्याच्यामागे धावत होता. धावता धावता तो कुशीवर पडला. त्याचे हात मला दिसले नाहीत. मला जे वाटलं ते मी आहे तसं लिहिते. मला वाटलं, आता हा परतफेड करतोय.

मी हृतिककडे पाहिलं. तो चेंडू बाहेर मारेल अशी मी वाट बघत होते. त्याने मारला नाही. त्याने पुढे नेऊन गोलवर मारला आणि चेंडू आडव्या दांड्यावरून गेला. मग मी शिट्टी वाजवली.

शैलेश जिथे पडला होता तिथपासून हृतिकने जिथून मारला तिथपर्यंत वीस मीटर तरी होते. चेंडू घेऊन धावणाऱ्या माणसाला वीस मीटरला चार सेकंद लागतात. मी हा हिशेब शैलेशकडे धावत जाताना केला.

पोटरीत गोळा आला होता, एवढंच. त्याच्या टीमचा एक जण पाऊल धरून मागे दाबत होता.

"मॅडम," शैलेश दात आवळून म्हणाला, "मला वाटलं तुम्ही वाजवणारच नाही."

"उशीर झाला. चुकलं माझं."

"नाही, म्हणजे... दोन मिनिटं ओढत होती पोटरी. बसणार होतो. म्हटलं, आता बसलो तर नाटकच वाटणार सगळ्यांना."

त्याने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी वर्गात प्रश्न विचारल्यावर जसं उत्तर दिलं असतं, तसं सांगितलं.

*

सामना दोन-एकने संपला. निकाल कागदावर लिहून, सही करून मी टेबलापाशी गेले. मांडवात तुळशीरामदादा उभे होते. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. चषक त्यांच्या हातांत होता आणि मागे भावेशचा फोटो. मालूताई बाजूच्या खुर्चीवर यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ती त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"मॅडम, येक इचारू?" दादा म्हणाले. "पोरगा पडला व्हता ना खरा?"

"दादा, आता जाऊ द्या ना," काशिराम माइकवर हात ठेवून म्हणाला. "जिंकलो आपुन. बेंजोवाले खोलंबलेत."

खरं की खोटं हे पंचाने ठरवायचं नाही. ते वाक्य माझ्याच अक्षरात टेबलावर चिकटवलेलं होतं. तेवढं म्हणून मी निघून जाऊ शकले असते.

"नाही," मी म्हणाले. "खोटा पडला. आणि नंतर शैलेश पडला तेव्हा मी चार सेकंद शिट्टी वाजवली नाही."

"का?"

"मला वाटलं, तोही खोटाच असेल."

दादांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"म्हंजे फुडच्या येळेला पन कोन पडला," ते म्हणाले, "तर तुमी थांबाल."

"बहुतेक थांबेन."

त्यांनी चषक टेबलावर ठेवला. खांद्यावरचा टॉवेल काढून तो त्याच्यावर टाकला. मग मांडवातून बाहेर येऊन हाक मारली, "हृतिक!"

हृतिक मित्रांच्या खांद्यांवर होता. खाली उतरला, गुलाल झटकत आला. "काय बाबा?"

दादा मध्यरेषेकडे चालू लागले. हृतिक मागोमाग गेला, मीही गेले. नारळाच्या पाण्याने ओली झालेली माती अजून थोडी काळी होती. दादा तिथे थांबले.

"झोप."

"काय?"

"मगाशी झोपलास ना? हितं झोप."

"बाबा, पब्लिक हाय सगळी. घरी बोलू."

"झोप."

हृतिक हसत माझ्याकडे वळला. मी हसले नाही. तो आधी बसला, मग पाठीवर पडला.

"तसा नाय," दादा म्हणाले. "तो तोंडावर व्हता."

हृतिक पालथा झाला. बेंजो थांबला. बांधावरची माणसं काय चाललंय म्हणून पुढे यायला लागली आणि कडं करून उभी राहिली. कर्नाळ्याच्या बाजूने ऊन उतरायला लागलं होतं आणि आमच्या सगळ्यांच्या सावल्या त्याच्यावर पडत होत्या.

"मॅडम, घड्याल लावा," दादा म्हणाले. "येक मिनिट पन्नास. सगल्यांनी बघा. कोनी हलायचा नाय."

मी बटण दाबलं. मला ते करायचं नव्हतं, पण पंच व्हा आणि नियम लिहा, याखेरीज त्या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दहा सेकंद. कोणीतरी खोकलं. पंधरा. निळ्या जर्सीची पाठ श्वासाबरोबर वर-खाली होत होती. मी श्वास मोजत होते, डोळे घड्याळावर होते. वीस. एवढा वेळ किती मोठा असतो हे लोकांना कळायला लागलं होतं, त्यांच्या पायांची चुळबुळ ऐकू येत होती. शैलेश लंगडत येऊन गर्दीच्या पुढे उभा राहिला होता. "बस ना आता, दादा," काशिराम माइकशिवाय म्हणाला. पंचवीस. हृतिकचे खांदे हलले. तो हसतोय की रडतोय ते दिसत नव्हतं, तोंड मातीत होतं. सव्वीस. सत्तावीस.

याच जागी एक मुलगा तोंडावर पडला होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. आताही एक मुलगा तोंडावर पडला होता आणि मी घड्याळाकडे बघत होते.

शिट्टी माझ्या तोंडात कधी गेली मला माहीत नाही. ती इतक्या जोरात वाजली की समोरच्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं.

दादा दचकून वळले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा रागाने ताठ झाला होता. "पुरा हू द्या ना, मॅडम!"

"नाही," मी म्हणाले. "पडला की शिट्टी."

"तो खोटा पडलाय!"

"ते मी नाही ठरवायचं."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हृतिकला आता उठता आलं असतं, पण तो उठला नाही. हात पुढे पसरलेले, बोटं ओल्या मातीत रुतलेली.

मांडवाकडून मालूताई आल्या. या वेळी त्यांच्या हातात पेटी नव्हती आणि त्या धावल्या नाहीत. गर्दीने वाट दिली. त्या मुलाच्या डोक्याशी बसल्या, एका हाताने त्याचं तोंड मातीतून बाजूला वळवलं आणि मी शिकवलं होतं तसं जबड्याखाली, श्वासनळीच्या बाजूला, दोन बोटं ठेवली. जागा बरोबर होती. दादा काहीतरी म्हणायला गेले तर त्यांनी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं. नाडी बघताना बोलायचं नसतं.

मी गुडघ्यांवर बसले आणि वाट पाहिली.

"लागतेय," त्या म्हणाल्या. पण बोटं त्यांनी काढली नाहीत.